चोवीस इंची, स्वच्छ आवाजाचा

१८ जानेवारी १९७६, रविवार

फौजेत असताना तोफखान्यातल्या आमच्या बॅटरीच्या, म्हणजे तुकडीच्या, तोफांची नोंदवही माझ्या ताब्यात असे. किती बार झाले, नळी कधी साफ केली, सगळं तारीखवार. नायब सुभेदार म्हणून निवृत्त होऊन साताऱ्याला आलो त्याला चार वर्षं झाली, पण तेव्हापासून हातात लिहिण्यासारखं काही नाही. आज ही वही उघडली, कारण घरात टीव्ही घ्यायचा ठरलं आहे. सदर बझारात ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो. नोंद ठेवली नाही तर माझं डोकं ठिकाणावर राहणार नाही.

मुळात मला टीव्हीची हौस नाही. विजयमालेचं सांगलीहून पत्र आलं. आमची एकुलती एक. तिथे मुलींच्या शाळेत गाणं शिकवते. मुंबईच्या टीव्ही केंद्राने बायकांच्या कार्यक्रमासाठी तिच्या जात्यावरच्या ओव्या घेतल्या आहेत. रेकॉर्डिंग झालं, १२ मार्चला शुक्रवारी संध्याकाळी दाखवणार. सांगलीत टीव्ही दिसत नाही. साताऱ्यात उंच अँटेना लावला तर सिंहगडावरच्या टीव्ही मनोऱ्यावरून दिसतो म्हणतात.

पत्र नेहमीप्रमाणे आईच्या नावाने. माझ्यासाठी शेवटी एक ओळ, "आबांना नमस्कार."

कारण मला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत ती आली होती, ओटीवर बसून गायली. मी म्हणालो, "पोरी, तुझा आवाज बसला. दम राहिला नाही त्यात." जे वाटलं ते बोललो. तोफखान्यात खोटं बोलायची सवय नव्हती. तेव्हापासून ती या घरात एक सूरही गायलेली नाही. आता टीव्हीवाल्यांनी घेतली म्हणजे आवाज सुधारला असणार. तो मला एकदा नीट ऐकायचा आहे, आणि चुकलो असेन तर तसं तिला सांगायचं आहे. म्हणून टीव्ही.

२१ जानेवारी, बुधवार

सयाजीच्या दुकानात गेलो. चंद्राबाईला बरोबर नेली. बायकोला घेऊन टीव्ही बघायला जाणारा माणूस बाजारात मी एकटाच असेन, पण इलाज नाही. सयाजीच्या मिशा ओठांवरून खाली लोंबतात आणि हा गडी त्या मिशांतल्या मिशांत बोलतो. गिऱ्हाइकाशी तोंड उघडून बोलावं, एवढंसुद्धा या लोकांना कुणी शिकवलेलं नाही. तो बोलला की चंद्राबाई माझ्याकडे तोंड करून सगळं पुन्हा सांगते. एका दुकानात दोनदा खरेदी केल्यासारखं होतं.

आज कळलेलं:

इंच म्हणजे पडद्याची लांबी नव्हे, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं तिरकं अंतर. तिरकं का, याला उत्तर नाही. ब्राइटनेस म्हणजे उजेड. कॉन्ट्रास्ट म्हणजे काळं किती काळं नि पांढरं किती पांढरं. दोन्ही एकच की हो, असं मी म्हटलं. सयाजीने हात हलवत बरंच काही सांगितलं. चंद्राबाईने त्याचं एवढंच केलं, "न्हाई म्हनतायत." व्हर्टिकल होल्ड म्हणजे चित्र खालून वर पळायला लागलं की त्याला धरून ठेवणारं बटण. चित्र पळतं हे त्यांना आधीच माहीत आहे, तरी विकतात! व्हॉल्व्हचा, म्हणजे आत काचेचे दिवे असलेला, सेट तापतो, ट्रान्झिस्टरचा तापत नाही, पण महाग.

मी सयाजीला साफ सांगितलं, "हे सगळं राहू दे. मला आवाज स्वच्छ असलेला सेट दाखव." तो चंद्राबाईकडे बघत राहिला.

२५ जानेवारी, रविवार

खरं म्हणजे घरातला रेडिओ धड असता तर मला एवढी घाई नव्हती. दोन वर्षं झाली, आवाज खोल जात चालला आहे. चार वेळा सेल बदलले. बिराप्पा मेकॅनिकने दोनदा उघडला आणि दोनदा "काय बिघाड न्हाई" म्हणून परत दिला. हा बिराप्पा जतकडचा. हातात कसब आहे म्हणतात, पण तोंडात कायम तंबाखूची गुळणी. मला तर तो रेडिओच्या आवाजाइतकाच लबाड वाटतो.

शेजारचा लालासाहेब, मराठा पलटणीतला निवृत्त नाईक, सल्ला द्यायला आलाच. "सुभेदार, वीस इंची बास झाला," तो माझ्या दंडाला धरून, तोंडाजवळ तोंड आणून म्हणाला. हल्ली सगळ्यांनाच अंगाला हात लावून बोलायची सवय जडली आहे. चंद्राबाईसुद्धा आधी खांद्याला हात लावते नि मग बोलते. एकतीस वर्षांच्या संसारात आता हिला लाड सुचले आहेत.

१ फेब्रुवारी, रविवार

आज निवड केली. खडाजंगी झाली, पण केली.

सयाजीने संध्याकाळी कार्यक्रम सुरू झाल्यावर दोन सेट शेजारी शेजारी लावले. पहिला वीस इंची, ट्रान्झिस्टरचा. दुकानातले सगळे म्हणाले, काय गोड आवाज, काय भरदार! मला विचाराल तर आवाज घोंगडीखालून आल्यासारखा. आणि चित्रही जरा पुसट, बाईचं तोंड म्हणजे पिठाचा गोळा.

दुसरा चोवीस इंची, लाकडी शटरचा, चार पायांवर उभा. व्हॉल्व्हचा. तो लावला आणि बातम्या सांगणारी बाई पडद्यावर आली. तोंड परातीएवढं, दातन् दात दिसत होता. अहाहा! काय स्वच्छ बोलत होती! शब्द न् शब्द मला कळला. पाणीपुरवठा, ऊस, सगळं. दोन वर्षांत इतका स्वच्छ आवाज मी ऐकला नव्हता. मी म्हणालो, "हाच."

सयाजी हातच जोडायला लागला. चंद्राबाईमार्फत त्याचं म्हणणं असं: "सुभेदारसाहेब, गिऱ्हाइकाला फसवायचं पाप मी करनार न्हाई. चित्र फसक्लास हाय, पर स्पीकर लय बारका हाय. पत्र्यावानी वाजतोय. आनि हा सेट उजेडाचं बटन पार चढवून चालवला तर चित्राचा व्हॉल्व्ह लवकर बसतोय. आपल्याकडं संध्याकाळी लाईट कमीजास्त हुतीया. स्टॅबिलायझर तरी घ्या."

आता बोला! ज्या सेटचा आवाज जगात सगळ्यात स्वच्छ, त्यालाच म्हणे स्पीकर वाईट! वीस इंची त्याच्याकडे पडून असणार, तो माझ्या गळ्यात मारायचा होता. आणि स्टॅबिलायझर म्हणजे वर आणखी एक पेटी. मी म्हणालो, तोफखान्यात बावीस वर्षं काढली, मला यंत्रं शिकवू नकोस. चंद्राबाई एवढंच म्हणाली, "त्यास्नी ह्योच पायजे, भाऊ. द्या." नंतर वाटेत का कोण जाणे डोळे पुसत होती. बहुधा किमतीमुळे.

८ फेब्रुवारी, रविवार

अँटेना. देवा, वैऱ्यावरही ही पाळी येऊ नये.

वीस फुटी लोखंडी पाइप, वर ॲल्युमिनियमच्या दांड्या. बिराप्पा कौलांवर. खाली घरात पडद्याकडे लक्ष ठेवायला मी. पडद्यावर नुसत्या मुंग्या. मध्येच माणूस दिसे, पण त्याच्या शेजारी तोच माणूस पुन्हा, फिकट. याला भूत म्हणतात. अजिंक्यताऱ्यावर आपटून लाट परत येते म्हणून असं होतं म्हणे. पैसे मोजून घरात भुतं आणायची!

बिराप्पा वरून काही बोलतच नव्हता. मी खाली उभा राहून वाट बघतोय, हा वर हात हलवतोय. अर्ध्या तासाने गडी लालबुंद होऊन खाली आला. म्हणे घसा बसला ओरडून. मी त्याला म्हटलं, ओरडलास कधी? शेवटी मीच फौजी तोड काढली. चंद्राबाई अंगणात, हातात लाल फडकं. उजवीकडे म्हणजे उजवीकडे फिरव, डोक्यावर म्हणजे थांब. दहा मिनिटांत भूत गेलं. बिराप्पा फडक्याकडे, माझ्याकडे, चंद्राबाईकडे बघत राहिला. जाताना त्याने गुळणी थुंकली, चूळ भरली आणि माझ्यासमोर उभा राहून एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "साहेब, आवाज अन् चित्र येगळं असतंय. दोन्हीचं काम येगळं." मला कळलं नाही हा मध्येच का शिकवायला लागला. माणूस मात्र पहिल्यांदा नीट बोलला.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

पोस्टात जाऊन टीव्हीचं लायसन्स काढलं. कारकून मान खाली घालून पुटपुटतो. तीन वेळा विचारावं लागलं, मागच्या रांगेतले हसले.

येताना पोवई नाक्यावर एसटी अगदी अंगावर आली. हल्लीचे ड्रायव्हर हॉर्नच वाजवत नाहीत. आणि वर तोच खिडकीतून मुठी उगारत होता. डेपोत तक्रार करणार आहे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सेटवर नजर ठेवून आहे. निष्कर्ष:

बातम्यांना आवाज उत्तम. नाटकाला वाईट. माणूस समोर तोंड करून बोलला की स्वच्छ, पाठ फिरवली की आवाज गायब. चित्रात मुंग्या आल्या की आवाजही जातो. याचा अर्थ बिराप्पाचं "आवाज अन् चित्र येगळं" ही शुद्ध थाप आहे. मी उजेड आणि कॉन्ट्रास्ट दोन्ही शेवटपर्यंत चढवून ठेवले आहेत, आवाज आपोआप सुधारला. आवाजाचं बटणही अर्थात शेवटपर्यंत.

नाटकाबद्दल मुंबई केंद्राला पत्र टाकलं. नटांनी प्रेक्षकांना पाठ दाखवू नये.

लालासाहेबाने आज दारात येऊन दोन्ही हात कानांवर ठेवून दाखवले. मी हसलो. स्वतःकडे सेट नाही, म्हणून पोट दुखतं.

७ मार्च, रविवार

विजयमालेचं पत्र. ती स्वतः येणार आहे १२ तारखेला, दुपारच्या एसटीने. सांगलीत बघता येणार नाही म्हणून. चंद्राबाईने पत्र वाचून दाखवलं आणि मग पत्राची घडी घालत काहीतरी बोलली. तोंड दुसरीकडे होतं. मी विचारलं काय म्हणालीस, तर म्हणाली, "कायबी न्हाई."

मला वाटतं ही काहीतरी लपवते आहे. पोरीने माझ्याबद्दल वाईट लिहिलं असेल. लिहू दे. शुक्रवारी तिचं गाणं ऐकेन आणि तिच्या तोंडावर सांगेन की पोरी, आवाज सुधारला. माघार घ्यायला मी घाबरत नाही.

११ मार्च, गुरुवार

संध्याकाळी लाईट दोनदा मंद झाली, चित्र कडांनी आकसलं, पुन्हा पसरलं. बिराप्पाला उद्या सहाला येऊन बसायला सांगून ठेवलं. स्टॅबिलायझरचं नाव त्याने काढलंच. मी म्हटलं, एक दिवस ढकल, मग बघू.

झोप येत नाही. एका गाण्यासाठी एवढा जीव खालीवर व्हावा, हे काही फौजी माणसाला शोभत नाही.

१३ मार्च, शनिवार

काल लिहिण्याची शक्ती नव्हती. आज जसं घडलं तसं लिहितो.

खोली भरली होती. लालासाहेब, त्याची बायको दगडाबाई, आळीतल्या आणखी सात-आठ बायका, बिराप्पा सेटच्या शेजारी उकिडवा. विजयमाला दुपारी आली, पाया पडली, आईच्या मागे मागे राहिली. कार्यक्रम लागला तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी होती.

निवेदिका बोलली, मला सगळं कळलं. मग माझी पोर पडद्यावर आली. पुढे जातं, डोक्यावर पदर. तिने तोंड उघडलं. पहिली ओवी मी ऐकली, अगदी स्वच्छ. तिच्या आईची ओवी, पहाटे पहाटे हजार वेळा कानावर पडलेली. माझं काळीज सुपाएवढं झालं.

दुसऱ्या ओवीला चित्र दोन्ही बाजूंनी आकसलं. मध्ये एक पांढरी रेघ राहिली. ती गेली. पडदा काळा.

आणि आवाज गेला.

मी उठून सेटवर थाप मारली. "गेला! आवाज गेला! बिराप्पा, बघ की!" बिराप्पा मागे वाकला होता, तो थांबला नि माझ्याकडे बघायला लागला. जागचा हलेना. मी मागे वळून बघितलं. सगळे काळ्या पडद्यासमोर बसून होते, देवळात बसावं तसे. लालासाहेब डोळे मिटून मान डोलावत होता. दगडाबाई पदराने डोळे टिपत होती. माझं पित्त खवळलं. "काय बघताय? बंद पडलाय तो! पोरीचं गाणं गेलं, कळतंय का?" मी ओरडलो, पुन्हा थाप मारली, आणखी एक मारली.

तेव्हा विजयमालेकडे नजर गेली. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. आईकडे बघत होती, माझ्याकडे बघत होती. असं तोंड मी रणात बघितलं आहे, माणसाला एकदम काहीतरी समजतं तेव्हाचं.

चंद्राबाई उठली. माझा उजवा हात तिने धरला, मी ओढून घेतला, तिने पुन्हा धरला. खाली बसवलं मला आणि माझा पंजा सेटच्या खालच्या अंगाला, जिथे स्पीकरवर कापड ताणलेलं असतं, तिथे टेकवला.

कापड थरथरत होतं.

उठत होतं, थांबत होतं, लांबवर चढत जाऊन सावकाश उतरत होतं. मग मध्ये विसावा. मग पुन्हा. ती चाल मला माहीत होती. जात्याच्या फेऱ्याची चाल. माझ्या हाताखाली ओवी चालू होती, आणि खोलीतले सगळे ती ऐकत होते, मी सोडून.

कापड शांत झालं तेव्हा लोक एकेक करून उठून गेले. लालासाहेब जाताना माझ्या दंडाला धरून थोडा वेळ उभा राहिला. यावेळी मला राग आला नाही.

मग चंद्राबाईला विचारलं, "कधीपासून?"

ती दिव्याच्या उजेडात तोंड करून बसली. आता कळतं, ती नेहमीच उजेडात तोंड करून बसते. म्हणाली, "तुमी घरी आला तवाच थोडं हुतं. मग वाढत गेलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"आवं, तुमी मानलं असतं व्हय? रेडिओवाल्याला चोर म्हनला, एसटीवाल्याला म्हनला, मलाबी म्हनला असता. मीच सगळ्यास्नी सांगून ठिवलं हुतं, त्यांच्यासमोर हून बोला, हात लावून बोला. विजयाला तेवढं सांगितलं न्हाई. तिला वाटंल, बाप थकला." मग डोळे पुसता पुसता म्हणाली, "त्या सयाजीला मिशा काढाय सांगनार हुते. धीर झाला न्हाई."

मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू आलं. बावीस वर्षं तोफेच्या नळीशेजारी उभा राहिलो. कानांत कापूस घालणाऱ्या पोरांना मी नोंदवहीत भित्रे म्हणून टोमणे मारले आहेत.

विजयमाला समोर येऊन बसली. मी तिला म्हणालो, "पोरी, त्या दिवाळीला तुझा आवाज बसला नव्हता." तिने माझे दोन्ही हात धरले. "आबा, मला वाटलं तुमाला माझं गानंच नको हाय," एवढंच म्हणाली. दोन वर्षं हे घेऊन पोर सांगलीत राहिली. माझ्या एका वाक्यामुळे. याची चीड आता मी कुणावर काढू?

१४ मार्च, रविवार

बिराप्पा सकाळीच आला. चित्राचा व्हॉल्व्ह बसला आहे, उजेड शेवटपर्यंत चढवल्यामुळे. सयाजीने सांगितलं होतं तस्संच. मी बिराप्पाला म्हटलं, "बाबा, तुझंच खरं. आवाज आणि चित्र वेगळं." त्याने गुळणी थुंकून, समोर उभा राहून विचारलं, "स्टॅबिलायझर आनू का?" हो म्हटलं. सयाजीला आणि त्या एसटीच्या ड्रायव्हरला एकदा गाठलं पाहिजे. पुढच्या आठवड्यात पुण्याच्या मिलिटरी इस्पितळात कान दाखवायला जायचं आहे, चंद्राबाई बरोबर येणार.

विजयमालेची एसटी दुपारी दोनची. जेवणाआधी ती आपणहून जात्याशी बसली, दाराकडे तोंड करून, उजेडात. आईने खुंट्याला हात लावला. चित्र गेल्यावर जी ओवी लागली होती ती तिने आधी मला सावकाश सांगितली. तिचीच आहे, स्वतः रचलेली:

बाप माझा गोलंदाज, तोफ त्याची धडाडली,
त्याच्या कानी गं पडली, माझी ओवी.

मग गायला लागली. ओठ दिसत होते, शब्द कळत होते, पण आवाज म्हणजे भिंतीपलीकडे कुणीतरी चालावं तेवढाच. मी उठून तिच्या मागे जाऊन बसलो. लहानपणी खोकला झाला की ठेवायचो तसा तिच्या पाठीवर पंजा ठेवला.

ओवी संपेपर्यंत हात काढला नाही. सगळी पाठ घुमत होती, पार माझ्या कोपरापर्यंत.

ती मागे वळून माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, "दम आहे."

खोटं बोलायची मला सवय नाही, हे तिला माहीत आहे.